सही करण्याआधी शाळेचा हिशेब वाचा

जिल्हा परिषदेच्या सत्तर मुलांच्या शाळेला वर्षभराचा किरकोळ खर्च भागवायला सरकारकडून किती पैसे मिळतात, हा प्रश्न त्या सत्तर मुलांच्या घरी विचारला तर उत्तरं दोन टोकांची येतात. कोणाच्या मते लाखो रुपये येतात आणि वरच्या वर जिरतात. कोणाच्या मते छदामही येत नाही, गुरुजी बिचारे पदरमोड करतात. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे खरा आकडा 25 हजार रुपये आहे. महिन्याला भागले तर 2,083 रुपये. खडू, वीजबिल, गळकी तोटी, प्रिंटरची शाई, खिडकीची काच, रंगरंगोटी, सगळं त्यातच. त्यातलेही किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी वापरायचे असतात.

या रकमेला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. शिक्षकांचा पगार, पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि पोषण आहाराचा तांदूळ यांचे रस्ते वेगळे; हे अनुदान निव्वळ शाळा चालती ठेवण्यासाठी आहे. रक्कम पटावर ठरते. 1 ते 30 मुलांच्या शाळेला 10 हजार, 31 ते 100 पर्यंत 25 हजार, 101 ते 250 पर्यंत 50 हजार, 251 ते 1,000 पर्यंत 75 हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख. ग्रंथालयासाठी आणि खेळाच्या साहित्यासाठी थोडी वेगळी रक्कम मिळते. पहिली ते पाचवीच्या शाळेला प्रत्येकी 5 हजारांपर्यंत. या तक्त्यातली गंमत गणिताच्या गुरुजींना पटकन कळेल. 31 मुलांच्या शाळेत दरडोई 806 रुपये पडतात, 900 मुलांच्या शाळेत 83. आणि तिसाव्या व एकतिसाव्या मुलात तब्बल 15 हजारांचं अंतर आहे. वस्तीवरची दोन मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसली, की मागे उरलेल्या मुलांच्या खडूला कात्री लागू शकते.

शिक्षकांची पदंही पटावरच. 30 सप्टेंबरला पटावर जेवढी मुलं असतील त्यावर संचमान्यता होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन आणि 91 ते 120 ला चार. म्हणजे जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी जे पालक ‘बघू, पुढच्या महिन्यात’ म्हणतात, ते नकळत वर्षभराचा शिक्षक घालवू शकतात. पटनोंदणीच्या वेळी शिक्षक घरोघरी फिरतातच. त्यांच्याबरोबर दोन पालक फिरले तर घरातल्या म्हाताऱ्यांशीही बोलणं होतं, आणि मूल कुठल्या शाळेत जाणार हा निर्णय पुष्कळदा तिथेच होतो.

पैसा थोडा आहे, ही तक्रार रास्त आहे. तरी लेखाचा विषय जरा पुढचा आहे. या थोड्या पैशावर देखरेख करण्याचा कायदेशीर अधिकार पालकांना आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो अधिकार इतिवृत्ताच्या वहीत सही करण्यापुरता उरला आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. समितीची कामंही कायद्यातच लिहिली आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा आणखी कुठूनही आलेल्या अनुदानाचा वापर कसा होतो हे पाहणं. महाराष्ट्रात 17 जून 2010 च्या शासन निर्णयाने 12 ते 16 जणांची समिती ठरली. अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सदस्य सचिव, आणि दोन विद्यार्थीही समितीत. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीचा संबंध मुख्यतः फीशी येतो.

प्रत्यक्षात काय होतं ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. अध्यक्षपदावर ग्रामपंचायतीच्या दोन पार्ट्यांची झटापट होते. निवड झाली की फटाके, हार, व्हॉट्सअॅपवर फोटो. नंतर बैठक शेतातल्या खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला. निम्म्या सदस्य बायका रोजंदारीवर, त्यामुळे वही त्यांच्या घरी येते आणि चुलीपुढे सही होते. कित्येक घरी तर सहीही नवऱ्याची असते.

म्हणून पहिली सुधारणा पैशाची नाही, वेळेची. बैठक संध्याकाळी सातला ठेवावी, आठवडी बाजाराचा दिवस टाळावा आणि विषयपत्रिका दोन दिवस आधी पालकांच्या गटावर टाकावी. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना मुलाच्या वहीतून चिठ्ठी द्यावी. इतिवृत्त बैठकीतच लिहून वाचून दाखवावं आणि मग सह्या घ्याव्यात. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात खर्चाचा एकही विषय घेऊ नये. एवढ्या साध्या नियमांनीही शाळेच्या कारभाराची बरीच हवा बदलते. आणि मुख्याध्यापकांनाही ते सोयीचं असतं, कारण चौकशी आली तर एकट्याची मान अडकत नाही.

दुसरं काम कागद वाचण्याचं. नव्या समितीने पहिल्याच बैठकीत चार कागद मागावेत. बँकेचं पासबुक, रोजकीर्द, मागच्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि जडसंग्रह नोंदवही, म्हणजे ज्याला शाळेत डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात ते. अलीकडे समग्र शिक्षेचा पैसा शाळेच्या खात्यात पूर्वीसारखा पडून राहत नाही. शाळेला खर्चाची मर्यादा मिळते आणि देयक पीएफएमएस या ऑनलाइन प्रणालीतून थेट दुकानदाराच्या खात्यावर जातं. त्यामुळे पासबुक कोरं दिसलं म्हणून ‘पैसेच आले नाहीत’ असा निष्कर्ष काढू नये. त्या प्रणालीतला छापील उतारा मागावा. ही मर्यादा अनेकदा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात उघडते आणि मार्चअखेर न वापरलेला भाग हातचा जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांमध्ये अचानक रंगाचे डबे दिसू लागतात, त्याचं हे कारण. भिंतीवर कार्टून रंगवणं सोपं, बिल एकच, फोटोही छान. गळकं छत मात्र पावसाळ्यापर्यंत तसंच.

हे कागद वाचायचे कसे? हिशेब तपासायला सीए लागत नाही. रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद घ्यावी आणि तिचं बिल समोर ठेवावं. बिलात लिहिलेली वस्तू शाळेत आहे का ते उठून पाहावं. टिकाऊ वस्तू असेल तर तिची जडसंग्रह नोंदवहीत नोंद आहे का तेही पाहावं. पंचवीस हजारांच्या हिशेबात फार तर वीस-पंचवीस बिलं असतात. तासाभराचं काम आहे. किराणा दुकान चालवणारा किंवा बचत गटाचं पुस्तक लिहिणारी कोणी ना कोणी सदस्य समितीत असतेच, आणि ही मंडळी असल्या कामात पदवीधरांपेक्षा तरबेज असतात. महिला बचत गटांनी गेली अनेक वर्षं गावोगाव महिन्याचा हिशेब चारचौघींत वाचायची सवय लावली आहे. शाळेच्या समितीला दुसरं प्रशिक्षण शोधायची गरज नाही.

बाहेरून पडताळायचीही सोय आहे. प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा 27 ने सुरू होतो. शाळेच्या दर्शनी भागावर तो लिहिलेला असतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं प्रगतिपुस्तक उघडतं. वर्गखोल्या, मुलामुलींची स्वच्छतागृहं, पाणी, वीज, शिक्षक, पट, सगळं त्यात. तिथे ‘मुलींचं स्वच्छतागृह, वापरात’ असं असेल आणि प्रत्यक्षात दाराला कुलूप असेल, तर नव्या स्वच्छतागृहाची मागणी वर का मंजूर होत नाही याचा उलगडा तिथेच होतो. सरकारच्या लेखी ते आहेच. माहिती भरताना समितीने एकदा नजर टाकावी. पटावरच्या संख्येइतकीच ही नोंद महत्त्वाची आहे.

आता वर्गणीकडे वळू. महाराष्ट्राला शाळेसाठी देणं नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती गावोगावच्या रयतेच्या धान्यावर आणि पैशावर वाढली. अलीकडे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या गावकऱ्यांनी शाळेसाठी स्वतःची जमीन दिली. जून 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हापासून लोकसहभागाचे आकडे अधिकाऱ्यांच्या बैठकीत अभिमानाने सांगितले जातात. देणाऱ्यांबद्दल आदर ठेवूनही इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. सरकारने जे द्यायचं ते लोकवर्गणीतून उभं राहू लागलं, की सरकारची जबाबदारी गुपचूप गावाच्या खांद्यावर सरकते. ज्या गावाला पुण्या-मुंबईत नोकरी करणारे माजी विद्यार्थी आहेत त्याची शाळा चकाचक होते. ज्या पाड्याला नाहीत त्याची तशीच राहते. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेलं गाऱ्हाणं मुळात हेच होतं. महसूल कष्टकरी रयतेचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. लोकल सेसचा निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. त्यांनी रयतेकडे वर्गणी मागितली नाही, तिच्याच पैशातला वाटा मागितला.

तेव्हा क्रम असा असावा. आधी हक्काचं मागावं, मग ग्रामपंचायतीकडे जावं आणि शेवटी वर्गणीची पावती फाडावी.

हक्काचं म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं. प्रत्येक शिक्षकाला एक खोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, आहार शिजवायला जागा, मैदान, कुंपण, ग्रंथालय. यातलं जे नाही त्याची मागणी समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी मागणीला सरकारी फायलीत अस्तित्व नसतं. ग्रामपंचायतीचा रस्ता याहून जवळचा आहे. गावाचा वार्षिक विकास आराखडा, ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने होतो तो, ग्रामसभेपुढे येतो. गावात वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. त्यांत रस्ता, गटार आणि सभामंडपासाठी बोलणारे पुष्कळ असतात, शाळेसाठी कोणी उठत नाही. पाच-सहा आया एकत्र जाऊन शाळेच्या नळजोडणीचा किंवा वीजबिलाचा ठराव मांडतात तेव्हा सरपंचांना तो टाळणं अवघड जातं. वीजबिल हे तर ग्रामीण शाळेचं जुनं दुखणं. अनेक ठिकाणी ते ग्रामपंचायतच भरते आणि तेच योग्य आहे.

एवढं करूनही कमी पडलं आणि वर्गणी काढायची ठरली, तर काही पथ्यं पाळावी लागतात. वर्गणी ऐच्छिक असावी. प्राथमिक शिक्षण मोफत आहे. प्रवेशासाठी देणगी मागणं कायद्याच्या कलम 13 प्रमाणे दंडनीय आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. ‘अमक्याच्या बापाने दिले नाहीत’ हे वाक्य वर्गात एकदाही उच्चारलं जाता कामा नये. पैसे समितीच्या खात्यात जावेत, कोणाच्या वैयक्तिक फोन-पेवर नव्हे. प्रत्येकाला छापील पावती द्यावी, दहा रुपये दिले असले तरी. जमा आणि खर्च यांचा तक्ता शाळेच्या फलकावर महिनाभर लावून ठेवावा. आणि शक्यतो एका ठरलेल्या कामासाठीच वर्गणी काढावी. ‘शाळेच्या विकासासाठी’ असं मोघम लिहिलं की पुढे भांडण ठरलेलं.

वस्तू देणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. मुंबईकर मंडळींना गावच्या शाळेला मोठा टीव्ही द्यायला आवडतं, कारण त्यावर नाव टाकता येतं. तो चालवायला वीज लागते, बिघडला की मेकॅनिक लागतो, आणि 2,083 रुपयांत ते बसत नाही. म्हणून देण्याआधी मुख्याध्यापकांना विचारावं, आणि यंत्र दिलंच तर दोन वर्षांची दुरुस्तीही त्यासोबत द्यावी. ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण वेळ आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे. सरकारी शाळेत शिकवायला, खेळ घ्यायला, वाचन घ्यायला तिथे नाव नोंदवता येतं. परिसरात मोठी कंपनी असेल तर कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि त्यात शिक्षण येतं. अर्ज करताना समितीचा ठराव, आराखडा आणि मागच्या वर्षीचा हिशेब जोडावा. ज्या शाळेला हिशेब जोडता येतो तिच्या अर्जाला वजन येतं.

पैशाइतकीच नजर ताटावर हवी. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत, म्हणजे आपल्या नेहमीच्या शालेय पोषण आहारात, पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम ठरलेलं आहे. लहानांना 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. प्राथमिकची 60 मुलं हजर असतील तर 6 किलो तांदूळ शिजला पाहिजे. काटा शाळेतच असतो. वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेऊन चव नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. पालकांनी आळीपाळीने एकेक दिवस वाटून घेतला तर कोणावर भार पडत नाही. शेरा मात्र खरा लिहावा. वर्षभर रोज ‘चव उत्तम’ लिहिलेली वही वाचली की आहार कोणी चाखलाच नसावा अशी शंका येते. आणि हो, स्वयंपाकी ताईंवर डाफरण्यासाठी ही पाळी नाही; त्यांचं मानधन कमी आहे आणि ते उशिरा येतं, हाही शेरा त्याच वहीत लिहायला हरकत नाही.

समितीत नसलेल्या पालकाचं काय? त्याच्यासाठी घर आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. गावातल्या बायकांनी ही कल्पना आधी उचलून धरली. यात शाळेच्या अनुदानाचा एक रुपयाही गेला नाही. अट एकच, मोबाइल मोठ्यांनीही खाली ठेवायचा, आणि बहुतेक घरांत ही योजना तिथेच अडते. बापाच्या हातात रील आणि तोंडात ‘अभ्यास कर’, हे मुलाला पटत नाही.

स्वतः फार न शिकलेल्या पालकांना वाटतं, आपण काय तपासणार? तपासता येतं. आठवड्यातून एकदा मुलाला पाठ्यपुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचायला लावावा आणि आपल्या शब्दांत काय कळलं ते सांगायला लावावं. अडखळतो की नाही हे ऐकणाऱ्याला अक्षरओळख नसली तरी समजतं. दुसरीच्या पातळीचा सोपा उतारा मूल तिसरीच्या अखेरीपर्यंत वाचू शकलं पाहिजे; निपुण भारत अभियानाचा सारा रोखच तिसरीपर्यंत वाचन आणि आकडेमोड पक्की करण्यावर आहे. वाचता येत नसेल तर शिक्षकाला भेटून विचारावं. कायद्याच्या कलम 24 प्रमाणे पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, उपकार नाही. मात्र भेट घेताना पहिलं वाक्य ‘माझं पोरगं घरी ऐकत नाही, तुम्ही चांगलं झोडा’ हे नसावं. कलम 17 ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि पालकाच्या परवानगीनेही ती उठत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. या पालकांनी निघायच्या आधी शाळेत सांगणं फार महत्त्वाचं. मूल गावात आजी-आजोबांजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय मागता येते. बरोबर जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रक घ्यावं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला मधूनच बसता येतं आणि परतल्यावर नाव पटावर असतं. न सांगता गेलेलं मूल आधी ‘सतत गैरहजर’ होतं आणि मग शाळाबाह्य. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आजच्या कायद्यात पालकाचं कर्तव्य आहे, दंड नाही. गरिबाला दंड करून शाळा भरत नाहीत हे आपण शिकलो, हे बरंच झालं. पण मग गावाने आणि शाळेने त्या मुलाच्या मागावर राहायला हवं.

राहिली मुलं. शाळेच्या कारभारात त्यांना शोभेपुरतं ठेवण्याची आपली रीत आहे. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, पंतप्रधान शपथ घेतो आणि पुढे त्याचं काम म्हणजे पाहुण्यांना गुलाब देणं. त्यापेक्षा खरं काम द्यावं. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा मोजक्या मुलांवर येऊन बंद पडायच्या बेतात होती. तिथे दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी ती उभी केली, आणि 2025 साली जगभरातल्या शाळांमधून लोकांच्या मतांवर दिला जाणारा टी-फोर एज्युकेशनचा पुरस्कार तिला मिळाला. या शाळेतली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘विषयमित्र’. ज्याला एखादा विषय चांगला येतो तो वयाचा विचार न करता दुसऱ्याला शिकवतो. शिक्षक कमी आणि वर्ग अनेक अशा शाळेत ही पद्धत चैन नसून गरज आहे, आणि शिकवणाऱ्या मुलाचा विषय त्यात पक्का होतो हा फायदा वेगळाच.

पैशाच्या बाबतीतही मुलांना सामील करता येतं. सहावी-सातवीच्या मुलांनी रोज विजेच्या मीटरचा आकडा टिपावा, महिन्याच्या बिलाशी ताडावा. पंखा कोणी चालू ठेवला यावर मग गुरुजींना ओरडावं लागत नाही. परसबागेतली मेथी किती निघाली, आहारात किती गेली, याची वही मुलांकडे द्यावी. अनेक जिल्हा परिषद शाळांत बालबाजार भरतो. भाजी विकून आलेल्या पैशाचा नफा-तोटा तिथेच काढायला लावावा आणि त्या पैशाचं काय करायचं हे मुलांनीच बहुमताने ठरवावं. समितीतल्या दोन विद्यार्थी सदस्यांना प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास विचारावा की, शाळेतली कोणती वस्तू बिघडली आहे? मोठ्यांना टेबल-खुर्ची दिसते. स्वच्छतागृहाची तुटलेली कडी मुलींना माहीत असते.

जबाबदारी आणि राबवून घेणं यांतली रेघ मात्र जपावी. आपला वर्ग झाडणं, आपलं ताट धुणं, झाडांना पाणी घालणं, हे सर्वांनी पाळीपाळीने केलं तर शिक्षण आहे. ठरावीक जातीच्या किंवा ठरावीक मुलींच्याच वाट्याला झाडू येत असेल, शिक्षा म्हणून शौचालय धुवायला लावत असतील, शिक्षकांच्या घरचं पाणी मुलं भरत असतील, तर ते बंद पाडणं समितीचं काम आहे. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’चं नाव घेऊन आठ वर्षांच्या पोराकडून विटा वाहून घेऊ नयेत. ती योजना वसतिगृहातल्या मोठ्या मुलांना फी आणि जेवण स्वतः कमावता यावं म्हणून होती.

आणि सरळ मार्गाने काहीच हललं नाही तर? आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, आणि प्रत्येक पायरीवर लेखी अर्ज व पोच. कायद्याच्या कलम 32 प्रमाणे मुलाच्या हक्काबाबतची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हायचा असतो आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. कागद दाखवतच नसतील तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. तरीही हा शेवटचा उपाय समजावा. एका शिक्षकावर चार वर्ग, निवडणुकीची कामं आणि दहा अॅपवरची माहिती असताना तोही वैतागलेला असतो. पालक त्याच्या बाजूने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले, ‘आमच्या शाळेला दुसरा शिक्षक द्या’ म्हणून बसले, की त्याच शिक्षकाची रोजकीर्द विनासायास उघडते, असा अनेक गावांचा अनुभव आहे.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार व्हावा अशी नियमांत अपेक्षा आहे. कायद्याच्या कलम 22 प्रमाणे पुढच्या अनुदानाच्या मागणीचा आधार हाच आराखडा. तुमच्या गावच्या किंवा वॉर्डातल्या शाळेने तो केला आहे का, हे या आठवड्यात जाऊन विचारा. केला असेल तर प्रत मागा. नसेल तर मुख्याध्यापकांकडून बैठकीची तारीख घेऊन या, संध्याकाळी सातची.